शिवारातलं पक्षीनिरीक्षण: आधी पीक वाचा, मग पाखरं

जंगलातले पक्षी झाडाला धरून असतात, तलावावरचे पाण्याला. शिवारातले पक्षी कामाला धरून असतात. नांगर लागला की बगळे हजर. ज्वारी चिकात आली, म्हणजे दाण्यात दूध भरलं, की भोरड्या उतरल्या. काढणी होऊन रान मोकळं झालं की तिरचिमण्या आणि धोबी. एकाच वावरात वर्षभरात चार वेगळ्या वस्त्या येऊन जातात, आणि ज्याला पीक कळत नाही त्याला वाटतं, 'इथे काही नसतं'. नवख्याला दुर्बीण कुठली घेऊ हा प्रश्न पडतो. मी म्हणेन, आधी खरीप-रब्बीचं वेळापत्रक पाठ करा.

पुढचं सगळं दख्खनच्या पर्जन्यछायेतल्या पट्ट्याला धरून लिहिलं आहे: पुणे, सातारा, सांगलीचा पूर्वभाग, अहिल्यानगर, सोलापूर आणि मराठवाडा. कोकणात किंवा धानाच्या विदर्भात पक्ष्यांची नावं बदलतील, पद्धत तीच राहील.

पहिलं काम: एकच वाट धरा

दर रविवारी नवी जागा शोधू नका. दीड-दोन किलोमीटरची एकच वाट निवडा आणि वर्षभर तिच्यावरच चाला. ती निवडताना एवढं बघा: एका बाजूला पिकाखालची शेतं, दुसऱ्या बाजूला गायरान किंवा पडीक माळ, मध्ये बोरी-बाभळींचा एखादा बांध, आणि कुठेतरी पाणी. पाणी म्हणजे ओढा, शेततळं, निदान गळका हौद तरी. दोन प्रकारच्या जमिनी जिथे भेटतात तिथे पक्षी जास्त. नुसत्या उसाच्या पट्ट्यात फिरलात तर कंटाळाल. ऊस उंच, दाट आणि महिनोन्‌महिने तसाच उभा असतो, आत काय चाललंय ते कळतच नाही.

वाटेची दिशाही महत्त्वाची. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे जाताना तोंड पश्चिमेकडे असेल अशी वाट बरी. सूर्यासमोर बघितलेला प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. त्यातले निम्मे आपण 'कोतवाल' म्हणून लिहून मोकळे होतो.

वाटेवर पाच-सहा ठरलेले थांबे करा. एक बांध, एक विजेचा खांब, ओढ्याचं वळण, गायरानातलं एकटं हिवराचं झाड. दर फेरीला तिथे पाच मिनिटं थांबायचं. तीन महिन्यांनी एखादा पक्षी तिथे नसला तरी लक्षात येतं, आणि खरं निरीक्षण सुरू होतं ते तिथून.

सामान आणि चालीरीत

८×४२ ची दुर्बीण पुरते. आठपट मोठं दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेच्या अंधुक उजेडातही पुरेसा प्रकाश आत येतो. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट होतो, आणि शेतावरून तिरकस उडणारा चंडोल तिच्यात पकडणं नव्या माणसाला जमत नाही. कॅमेरा पहिली सहा महिने घरी ठेवा असा माझा आग्रह असतो. कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

कपडे मातकट रंगाचे. पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाळतं आणि त्याची कुसळं लोकरीच्या मोज्यांत अशी रुततात की मोजे फेकूनच द्यावे लागतात. तेव्हा गुळगुळीत कापडाची पँट आणि घोट्याच्या वर जाणारे बूट घाला. बूट सापांसाठीही हवेतच. घोणस आणि फुरसं हे दोन्ही विषारी साप याच मुलखातले. गवतात पाय टाकण्याआधी बघा, आणि बांधावरच्या दगडांच्या फटीत हात घालू नका.

दोन धोके पुस्तकात सहसा सापडत नाहीत. एक, रानडुकरांसाठी शेताभोवती लावलेली झटका तार. ती बारीक असते, गवतात दिसत नाही. दुसरा, कठडा नसलेली विहीर. डोळ्याला दुर्बीण लावून मागे सरकणाऱ्या माणसासाठी याहून वाईट जागा नाही. नियम सोपा आहे: दुर्बीण डोळ्याला असेल तेव्हा पाय हलवायचे नाहीत. आणि फवारणी चालू असलेल्या रानाकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला थांबू नका.

शेत कुणाचं तरी असतं. कुणी दिसलं की आपणहून राम राम घाला आणि 'मामा, पाखरं बघतोय, बांधानं जाऊ का?' असं विचारा. 'जा की' हेच उत्तर बहुतेक वेळा मिळतं, आणि पाठोपाठ माहितीही. कुठल्या विहिरीत गव्हाणी घुबड बसतं, तित्तर कुठल्या बांधातून ओरडतो, हे राखणीला बसणाऱ्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. चालायचं ते बांधावरून. उभ्या पिकात पाऊल नाही.

पहिली पंधरा मिनिटं

सूर्योदयाच्या पंधरा मिनिटं आधी पहिल्या थांब्यावर पोचा, आणि दुर्बीण गळ्यातच राहू द्या. ऐका. तित्तराचा 'कटीतर-कटीतर' असा चढत जाणारा आवाज, भारद्वाजाचा खोल घुमणारा, होल्याचा मऊ, टिटवीचा भांडखोर. किती आवाज, कुठल्या दिशेने, एवढंच मनाशी मांडा.

उजाडलं की बघण्याचा क्रम ठरलेला ठेवा. आधी तारा आणि खांब: वेडा राघू, नीलपंख, कोतवाल, कापशी. मग झुडपांचे शेंडे: खाटीक, गप्पीदास, वटवट्या. मग जमीन, आणि ती सर्वांत सावकाश. ढेकळांच्या रानात नजर डावीकडून उजवीकडे फिरवा, तीच फेरी पुन्हा उलट करा. पहिल्या फेरीत जे ढेकूळ होतं ते दुसऱ्या फेरीत दोन पावलं सरकलेलं असतं. तो चंडोल. शेवटी आकाश.

मोटारसायकल किंवा गाडीतून न उतरता बघणं हा आळशीपणा नाही. पायी माणूस दिसला की शंभर पावलांवरून उडणारा नीलपंख थांबलेल्या गाडीला वीस पावलांपर्यंत सहन करतो. इंजिन मात्र बंद ठेवा.

जून ते सप्टेंबर: खरीप

शिवाराचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणून वहीही तेव्हाच सुरू करावी. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणणारा पावश्या त्याआधीपासूनच ओरडत असतो. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून चातक येतो: काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा, उडताना पंखात पांढरा पट्टा. पावश्या आणि चातक दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये सातभाईंच्या थव्यात एखादं वेगळंच, सतत भीक मागणारं पिल्लू दिसलं तर थांबून बघा.

पेरणीपूर्व पाळी घालताना औतामागे किंवा ट्रॅक्टरमागे गायबगळे, मैना, कोतवाल, कधी घारी असतात. मातीतून वर येणाऱ्या अळ्या-किड्यांसाठी. एकाच जागी तासभर उभं राहून वीसेक जाती मोजता येतील असा हा प्रसंग आहे.

पहिल्या दोन पावसांनंतर माळ हिरवा झाला की नर डोंबारी चंडोलाचा खेळ बघा. चिमणीएवढा पक्षी, वरून मातकट, खालून काळाभोर. सरळ वर चढतो, पंख मिटून खाली झेपावतो, जमिनीजवळ येऊन पुन्हा उसळतो आणि प्रत्येक झेपेला शीळ घालतो. नाव सार्थ आहे. याच दिवसांत रंगीत तित्तर एखाद्या उंचवट्यावर चढून कर्कश ओरडतो, आणि गवतातून पावसाळी लाव्याचा 'व्हिट-व्हिट' असा दोन ठोक्यांचा आवाज येत राहतो. लावा दिसेलच असं नाही. आवाजावर नोंद करायला लाजू नका.

सुगरणीसाठी जुलै-ऑगस्ट. नर पिवळ्या टोपीचा, आणि विणणारा तोच. विहिरीवर झुकलेली बाभूळ किंवा शिंदीचं झाड शोधा. घरटी बहुधा झाडाच्या पूर्व अंगाला लटकलेली असतात, कारण पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. घरटं अर्धं झालं, उलट्या टोपीसारखं दिसू लागलं की माद्या तपासणीला येतात. पसंत पडलं तर नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो. पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला बसून हीच गोष्ट उलगडली होती: एक नर, एकामागून एक घरटी, प्रत्येकीत वेगळी मादी. तुम्हाला करायचं असेल तर एक वसाहत निवडा, दर आठवड्याला अर्धी, पूर्ण आणि सोडून दिलेली घरटी मोजा. दोन महिन्यांत तुमच्या हाती स्वतःचा अभ्यास असेल. सोडलेली घरटी मात्र काढून घरी आणू नका, मुनिया त्यात राहायला येतात.

तणमोर हा पावसाळी माळाचा आणि पिकांचा राजा. गवतातून उडी मारून स्वतःला दाखवणारा नर बघण्याची इच्छा सगळ्यांनाच असते. २०२१ पासून तो धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. योगायोगाने दिसलाच तर गाडीतून उतरू नका, जागा कुणाला सांगू नका आणि वनविभागाला कळवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: मोकळं होणारं रान

सोयाबीन आणि बाजरी निघते, तूर-कापूस उभे असतात, रब्बीची पेरणी चालू असते. मला वर्षातला सर्वांत जास्त आवडणारा काळ हाच, कारण रोज पाहुणा वेगळा. थिरथिरा घराच्या कुंपणापाशी शेपूट थरथरवत उभा असतो. ओलिताच्या रानात पिवळे धोबी, नांगरटीवर रणगोजा. भोवत्या हे शिकारी पक्षी माळावरून जमिनीला लगटून, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे उचलून तरंगत जाताना दिसू लागतात. युरोपियन नीलपंख आफ्रिकेकडे जाताना तारेवर एखाद-दोन दिवस थांबतो. आपल्या नीलपंखाची छाती तांबूस-तपकिरी, याची फिकट निळी. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आकाशाकडेही बघत चला. ईशान्य आशियातून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे निघालेले अमूर ससाणे काही वर्षी आपल्या डोक्यावरून जातात.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो: वन्यजीव-लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. नव्या माणसाला सोबत नेण्यासाठी हा आठवडा उत्तम. गवत अजून उभं, हवा स्वच्छ, ऊन सोसवतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी: रब्बी

रब्बी ज्वारी पोटरीत असते, म्हणजे कणीस अजून पानाच्या आत असतं, तेव्हा शेत शांत असतं. ती निसवली, कणीस बाहेर पडलं आणि दाणा चिकात आला की भोरड्यांचे थवे येतात. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि शेकडोंच्या संख्येने एकाच वेळी वळणारे. त्यांच्याबरोबर किंवा थोडे मागून भारीट. काळ्या डोक्याचा भारीट पिवळ्या पोटाचा, लाल डोक्याचा त्याच्या संगतीने. संध्याकाळी उसात किंवा बाभळीत मुक्कामाला जाताना त्यांचा थवा वाळल्या पानांसारखा उडतो.

इथे एक अवघड गोष्ट आहे. तुम्हाला जो थवा देखणा वाटतो, तो राखणदाराला नुकसान वाटतो आणि ते खरंच नुकसान असतं. गोफण फिरवणाऱ्यासमोर 'वा, काय सुंदर' म्हणू नका. हेच पक्षी टोळ आणि नाकतोडेही खातात, हे सांगायचंच असेल तर गप्पा रंगल्यावर सांगा.

हरभऱ्याच्या रानात गप्पीदास घाट्यांवरच्या अळ्यांसाठी बसलेला सापडेल, एखाद्या उंच काडीवर, सतत वर-खाली. आणि याच दिवसांत कापशी व खरूची एकाच शेतावर शिकार करतात. दोघेही हवेत एका जागी पंख फडफडवत स्थिर राहतात, म्हणून गोंधळ होतो. पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग ती कापशी. पाठ विटकरी ती खरूची. कापशीचं मुख्य खाणं उंदीर, त्यामुळे शेतकऱ्याला ही आवडते.

भोवत्या ओळखताना आधी नर शोधा. पंखाच्या वरच्या बाजूला काळी आडवी रेघ असलेला राखाडी नर तो माँटेग्यू. जवळजवळ पांढरा आणि पंखाच्या टोकाशी काळी अरुंद पाचर असलेला तो फिकट भोवत्या. दोघांच्या माद्या तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढऱ्या, आणि लांबून वेगळ्या करणं भल्याभल्यांना जमत नाही. वहीत 'भोवत्या, मादी' लिहिण्यात कमीपणा नाही. संध्याकाळी हे पक्षी उंच गवताच्या माळावर जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात. अशी जागा सापडली तर लांबून, सूर्य मावळण्याआधी अर्धा तास बसा आणि पूर्ण अंधार झाल्याशिवाय उठू नका. मध्येच उठलात तर सगळा मुक्काम उधळतो.

मार्च ते मे: उन्हाळा

लोक या दिवसांत दुर्बीण कपाटात ठेवतात. ही चूक आहे. मार्चमध्ये बांधावरचा पळस आणि पांगारा फुलतो, परतीच्या वाटेवरच्या भोरड्या त्या फुलांतला मध पितात. त्यांचं दुसरं नाव पळसमैना. नीलपंख जोडीदारासाठी उंच जाऊन कोलांट्या घेत खाली येतो, निळे पंख उघडतात-मिटतात, आवाज मात्र कावळ्यापेक्षा बेसूर. ओढ्याच्या उभ्या काठात वेडे राघू बिळं खोदतात.

वेळ सूर्योदयापासून नऊपर्यंतच. त्यानंतर जमिनीवर मृगजळ नाचायला लागतं आणि चांगल्या दुर्बिणीतूनही चंडोल आणि दगड सारखेच दिसतात. मग पाण्यापाशी बसा. झुडपाच्या आडोशाला, पाण्यापासून तीसेक पावलं, न हलता. सकाळी ऊन चढू लागलं की पखुर्ड्या, म्हणजे माळावरचे कबुतरासारखे पक्षी, थव्याने पाण्यावर येतात, भराभर पितात आणि उडतात. नर छातीची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांना पाणी नेतो. रंगीत पखुर्डी अंधार पडल्यावर येते. टिटवीही पोट भिजवून अंड्यांवर येऊन बसते.

टिटवी, माळटिटवी, धाविक, चंडोल, सगळ्यांची अंडी उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाची. डोळ्यापुढची मांसल गलोल लाल ती टिटवी, पाण्याच्या आसपास. पिवळी गलोल आणि काळी टोपी ती माळटिटवी, कोरड्या माळावर. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली याचा अर्थ तुम्ही अंड्यांजवळ आहात. शोधू नका. आल्या पावली मागे फिरा, कारण पुढचं पाऊल अंड्यावरही पडू शकतं, आणि चाळीस अंशांच्या उन्हात आई दूर राहिली तर अंडी भाजून निघू शकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंडी-घरटी उचलणं, फोडणं आणि त्यांना त्रास देणं येतं. घरट्याचे फोटो काढायला वाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणंही विणीच्या काळात टाळाच. तो शत्रू समजून घरटं सोडून धावत येतो.

मातकट पक्ष्यांचं काय करायचं

सगळे इथेच अडतात. चंडोल, तिरचिमणी, भारीट मादी, सगळेच मातीच्या रंगाचे. पिसं मोजण्याआधी वागणूक बघा. सडपातळ, लांब पायांचा, चालता चालता शेपूट हलवणारा पक्षी बहुधा तिरचिमणी. आखूड, भरलेल्या अंगाचा, चोच जाडसर तो चंडोल. शेपटी विटकरी आणि तिच्या टोकाला काळा पट्टा, दगडगोट्यांच्या रानात, तो मुरारी. डोक्यावर तुरा असेल तर सह्याद्रीजवळ मलबारी चंडोल, कोरड्या पठारावर साइक्सचा चंडोल. या साइक्सने, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या एका कर्नलने, १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली होती. भारतीय द्वीपकल्पाबाहेर हा चंडोल सापडत नाही. परदेशी पक्षीनिरीक्षक त्याच्यासाठी विमानाने येतात, आणि आपल्याकडे तो गायरानात शेळ्यांच्या पायाशी असतो.

खाटकांचंही तसंच. तिघे एकाच बाभळीवर बसू शकतात. सर्वांत लहान, पाठ गडद तांबडी तो छोटा खाटीक. मधला, शेपूट लांब, कंबर तांबूस तो नकल्या. मोठा, राखाडी, डोळ्यावर रुंद काळी पट्टी तो राखी. झुडपाच्या काट्याला टोचलेला नाकतोडा किंवा सरड्याचं पिल्लू सापडलं तर ते त्यांचं कोठार.

वही

तारीख, वेळ, हवा, आणि त्यानंतर प्रत्येक थांब्यावर पिकाची अवस्था. हा रकाना कुणी ठेवत नाही, आणि पुढे सर्वांत उपयोगी तोच पडतो. 'थांबा ३: ज्वारी निसवलेली, भोरड्या २००च्या आसपास' अशी नोंद पुढच्या वर्षी तुम्हाला नेमक्या आठवड्यात तिथे उभं करते. संख्या अंदाजे असली तरी लिहा. न दिसलेल्यांचीही नोंद ठेवा.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची असेल तर पंधरा मिनिटांची का होईना, पण पूर्ण यादी टाका. फक्त 'खास' पक्षी टाकले तर पक्षी वाढले की घटले हे कुणालाच कळत नाही. चिमणी, साळुंकी, कावळा, सगळे मोजा. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरच्या २०२३ च्या देशव्यापी अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला तो अशाच साध्या याद्यांवर, आणि त्यातूनच कळलं की तारेवर रोज दिसणारा नीलपंख घटतो आहे. दुर्मीळ आणि शिकारीला बळी पडू शकणाऱ्या पक्ष्यांची नेमकी जागा मात्र उघड करू नका.

एक नोंद माळाबद्दलही ठेवा: कुठे खड्डे खणून झाडं लावली, कुठे मुरूम उचलला, कुठे नांगर फिरला. सरकारी कागदावर माळ 'पडीक' असतो आणि त्यावर झाडं लावणं पुण्याचं काम समजलं जातं. पण लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांच्या दाटीत पखुर्डी उतरत नाही, धाविक धावत नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसणं जवळजवळ अशक्य झालं आहे.

फेरी संपवताना महिन्यातून एकदा तरी अंधार पडेपर्यंत थांबा. दिवसभर झुडपाच्या सावलीत दगडासारखा बसलेला करवानक आता उठतो, मोठे पिवळे डोळे, लांब पाय, आणि माळावर त्याची लांबलचक शीळ सुरू होते. बॅटरी लावू नका. मातीच्या गाडीवाटेवर बसलेला रातवा तुमच्या पायाजवळून उडाला तर दचकाल, पण तो पुढे दहा पावलांवर पुन्हा बसेल.